३५८४ : एक आकडा, दोन कार्डं

खानापूर तालुक्यात लग्नं एप्रिल-मेमध्ये उरकतात आणि पाऊस लागला की फोटो स्टुडिओवाल्यांचं दुसरं काम सुरू होतं. तासन्‌तासांचं शूटिंग कापायचं, गाणी चढवायची, हळदीपासून वरातीपर्यंतची फिल्म तयार करायची. नंदगडच्या अशाच एका स्टुडिओतून यंदा मला बोलावणं आलं. मालक तरुण, कामाला पक्का. नव्या कॅमेऱ्याच्या फाइली टाकल्या की त्याचा कॉम्प्युटर अडखळत होता. बेळगावातला एक ओळखीचा माणूस वापरलेलं जीटीएक्स १०८० टीआय हे ग्राफिक कार्ड द्यायला तयार होता, दुकानात नवं आरटीएक्स ३०६० होतं. जुनं अर्थातच स्वस्त. त्यानं दोन्ही कार्डांची माहिती मोबाइलवर उघडून माझ्यापुढं धरली आणि एका ओळीवर बोट ठेवलं. ‘‘सर, दोन्हीकडं ३५८४ च लिवलंय की. मग जुनं घेतलं तर काय बिघडतंय?’’

प्रश्न रास्त होता. मार्च २०१७ मध्ये आलेल्या १०८० टीआयमध्ये ३५८४ कोअर आहेत आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये आलेल्या ३०६० मध्येही बरोबर ३५८४. मेमरी जुन्याची ११ जीबी, नव्याची १२. बाजारात आलं तेव्हा जुन्याची अमेरिकेतली किंमत ६९९ डॉलर होती, नव्याची ३२९. म्हणजे चार वर्षांत तेवढेच कोअर निम्म्याहून कमी पैशांत मिळू लागले. इथवरचा हिशोब कुणालाही समजेल. घोटाळा पुढं आहे. कार्डाच्या माहितीत अशा पंचवीस-तीस ओळी असतात, आणि आपल्या कामाची ओळ कुठली हे दुकानात कुणी सांगत नाही. हा लेख त्यासाठीच लिहितो आहे. नंदगड, खानापूर, निपाणी, चंदगड या पट्ट्यातला माणूस असलं कार्ड घेतो तेव्हा बहुधा त्याच्या वर्षभराच्या बचतीचा मोठा भाग त्यात जातो.

आधी कोअरचं बघू. कोअर म्हणजे एका वेळी एक छोटी आकडेमोड करणारा भाग. ऑक्टोबर १९९९ मध्ये आलेल्या जीफोर्स २५६ ला एनव्हिडिया कंपनीनं ‘जीपीयू’ म्हणून बाजारात उतरवलं, तेव्हा ‘कोअर’ हा शब्द माहितीच्या तक्त्यात नव्हताच. तिथं चार पिक्सेल पाइपलाइन आणि १२० मेगाहर्ट्‌झ असं लिहिलेलं असे. नोव्हेंबर २००६ मध्ये ८८०० जीटीएक्स आलं, त्यात एकाच साच्याचे १२८ प्रोसेसर होते, आणि तिथून कोअर मोजायची रीत पडली. पाठोपाठ २००७ मध्ये कूडा हे सॉफ्टवेअर सगळ्यांना खुलं झालं. त्यामुळे चित्रं काढण्यासाठी बनवलेलं कार्ड गणितालाही जुंपता येऊ लागलं.

पण कोअर ही पिढ्यापिढ्यांतून सारखी राहणारी वस्तू नाही. सप्टेंबर २०१८ च्या आरटीएक्स २०८० टीआयमध्ये ४३५२ कोअर होते. दोन वर्षांनी आलेल्या ३०८० मध्ये ८७०४, बरोबर दुप्पट. खेळांतला वेग मात्र दुप्पट झाला नाही, साधारण पाव ते तिसरा हिस्साच वाढला. कारण मोजण्याची रीत बदलली होती. आधीच्या पिढीत दशांशाच्या गणिताला वेगळे भाग होते आणि पूर्णांकाच्या गणिताला वेगळे, आणि मोजदाद फक्त पहिल्यांची होई. नव्या पिढीत पूर्णांकवाल्या भागांनाही दशांशाचं गणित शिकवलं आणि त्यांनाही मोजलं. ते पूर्णांकात गुंतले की दशांशाच्या कामाला तेवढे कोअर कमी पडतात. कंपनीनं खोटं काही लिहिलं नाही. तरीही फक्त कोअर पाहून जुनं-नवं तोलणारा गिऱ्हाईक फसलाच. म्हणून माझा पहिला आग्रह हा की कोअरच्या संख्येची तुलना एकाच पिढीतल्या कार्डांत करावी, पिढी ओलांडून करू नये.

दुसरी ओळ मेमरीची, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त फसगत इथंच होते. गिऱ्हाईक जीबी बघतो. त्या जीबीतून माहिती किती वेगानं आत-बाहेर होते ते बघत नाही. आमच्या खानापूर भागात वीटभट्ट्या आहेत. विटा थापायला गडी कितीही वाढवले, तरी चिखल वाहून आणणारी गाडी एकच असेल तर गडी बसून राहतात. कार्डातली ही गाडी म्हणजे बँडविड्थ. ती घरी काढता येते. बसची रुंदी बिटमध्ये आणि मेमरीचा वेग गिगाबिटमध्ये घ्यायचा, त्यांचा गुणाकार करून आठानं भागायचं. १०८० टीआयची बस ३५२ बिट, वेग ११. उत्तर येतं सेकंदाला ४८४ जीबी. ३०६० ची बस १९२ बिट, वेग १५, उत्तर ३६०. म्हणजे कोअर तेवढेच, मेमरी एक जीबीनं कमी, पण वाहतूक जुन्यातच जास्त. त्यामुळे २०१७-१८ च्या सुमाराच्या खेळांत १०८० टीआय आजही ३०६० च्या बरोबरीनं, कधी पुढंही धावतं. ज्यांनी ते तेव्हा घेतलं त्यांचे पैसे पुरेपूर वसूल झाले.

याच ओळीवर कंपन्यांनी केलेली एक गोष्ट मला मुळीच पटलेली नाही. मे २०१७ मध्ये जीटी १०३० हे छोटं कार्ड आलं, त्याची बँडविड्थ ४८ जीबी होती. पुढच्या वर्षी त्याच नावानं स्वस्तातल्या डीडीआर४ मेमरीचं कार्ड आलं आणि बँडविड्थ १६.८ वर घसरली. नाव तेच, कोअर तेवढेच ३८४, आणि गाडी जेमतेम तिसऱ्या हिश्श्याची. साध्या कॉम्प्युटरला एचडीएमआय मिळावा म्हणून घेण्याचं हे कार्ड. ज्याला शंभर-दोनशे रुपयांचाही विचार करावा लागतो त्याच्याच वाट्याला हा प्रकार आला. जीटीएक्स १०६० चंही तसंच. ६ जीबीच्या कार्डात १२८० कोअर आणि ३ जीबीच्यात ११५२, दोघांचं नाव मात्र एकच. नोव्हेंबर २०२२ मध्ये आरटीएक्स ४०८० या एकाच नावाखाली १६ जीबीचं आणि त्याहून बरंच कमजोर १२ जीबीचं अशी दोन कार्डं यायची होती. लोकांनी इतका आवाज उठवला की एनव्हिडियानं १२ जीबीचं कार्ड बाजारात येण्याआधीच मागं घेतलं. गिऱ्हाइकानं नीट वाचलं तर काय होतं, त्याचं हे उदाहरण लक्षात ठेवावं.

नवं म्हणजे चांगलंच असं धरून चालणाऱ्यांसाठी एक कार्ड सांगतो. एएमडीचं आरएक्स ६५०० एक्सटी जानेवारी २०२२ मध्ये १९९ डॉलरना आलं. मेमरी ४ जीबी, बस ६४ बिटची. मदरबोर्डाशी बोलायला पीसीआयई ४.० च्या फक्त चार लेन. नव्या बोर्डावर एक वेळ निभावतं, पण आपल्याकडच्या बहुसंख्य कॉम्प्युटरमध्ये अजून पीसीआयई ३.० आहे, तिथं त्याच चार लेन अर्ध्या वेगानं चालतात आणि कार्ड गुदमरतं. शिवाय व्हिडिओ एन्कोड करायची सोयच त्यात नाही. त्याच कंपनीचं पाच वर्षांनी जुनं आरएक्स ५८० घ्या. ८ जीबी मेमरी, २५६ बिटची बस, २५६ जीबी बँडविड्थ, एन्कोडरही आहे. जुन्या बोर्डावर हेच सरस ठरतं. वीज मात्र खातं, १८५ वॅट. आणि ५८० घेतानाही डोळे उघडे हवेत. मूळ कार्डात २३०४ प्रोसेसर असतात. चीनच्या बाजारासाठी काढलेलं २०४८ प्रोसेसरचं कार्डही ‘५८०’ याच नावानं फिरतं.

याच कारणानं मी जुन्या कॉम्प्युटरवाल्याला आधी मदरबोर्ड विचारतो, मग कार्ड. इंटेलचं आर्क बी५८० डिसेंबर २०२४ मध्ये २४९ डॉलरना आलं. १२ जीबी मेमरी, ४५६ जीबी बँडविड्थ, किमतीच्या मानानं उत्तम. पण रिसायझेबल बार ही सोय नसलेल्या जुन्या बोर्डावर त्याचा वेग फार पडतो. दुकानदारानं हे सांगितलं नाही, तर गिऱ्हाईक कार्डाला दोष देतो.

आता स्टुडिओकडे वळू. मालकाचा नवा कॅमेरा टेन-बिट ४:२:२ मध्ये चित्रण करतो. म्हणजे रंगाची माहिती जास्त जपतो. नववारीचा हिरवा आणि हळदीचा पिवळा नंतर सुधारता यावा म्हणून त्यानं हौसेनं ते सेटिंग लावलं होतं. अशी फाइल उलगडायला कार्डात त्यासाठी खास सर्किट लागतं. ते नसेल तर सगळा भार प्रोसेसरवर पडतो आणि चित्र अडखळतं. हे सर्किट १०८० टीआयमध्ये नाही. ३०६० मध्येही नाही. एनव्हिडियानं ते दिलं ५० च्या मालिकेपासून, म्हणजे २०२५ मध्ये. ३५८४ हा आकडा त्या दुखण्याला लागूच नव्हता. दोन्हींतलं कुठलंही कार्ड त्यानं आणलं असतं तरी टाइमलाइन तशीच अडखळली असती.

मी त्याला आधी फुकटचा उपाय करायला लावला. एडिटिंगसाठी हलक्या प्रॉक्सी फाइली बनवायच्या, काम त्यांच्यावर करायचं आणि शेवटी मूळ फाइल जोडायची. रात्री प्रॉक्सीला लावून झोपलं की सकाळी तयार. त्याचा कॉम्प्युटर बदलायचा झाला, तर इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या प्रोसेसरमधले अंगचे ग्राफिक्स एचइव्हीसी या स्वरूपातलं ४:२:२ उलगडतात. कॅमेऱ्यात ते स्वरूप निवडावं. आणि कार्डच घ्यायचं असेल तर ५० च्या मालिकेतलं खालचं कार्डही या एका कामात १०८० टीआयला मागं टाकतं. फक्त आपलं एडिटिंगचं सॉफ्टवेअर ते सर्किट वापरतं का, हे आधी पाहावं. ‘‘म्हणजे आत्ता काहीच घ्यायचं नाही?’’ त्यानं विचारलं. आत्ता काही नाही, हेच माझं उत्तर होतं, आणि ते मी आजही बदलणार नाही.

जुनं कार्ड ताकदीत कमी पडायच्या आधी कौशल्यात कमी पडतं. १०८० टीआयला किरणांचा मार्ग काढणारे वेगळे कोअर नाहीत, कृत्रिम बुद्धिमत्तेच्या गणिताचे टेन्सर कोअर नाहीत. साध्या कार्डांत ते २०१८ पासून आले. यूट्यूबवर वाढत चाललेलं एव्ही१ हे स्वरूप त्याला उलगडता येत नाही. ते एनव्हिडियाच्या ३० च्या मालिकेपासून जमू लागलं आणि एव्ही१ मध्ये फाइल बनवणं ४० च्या मालिकेपासून. आणि सॉफ्टवेअरची साथही सुटत चालली आहे. त्या पिढीच्या कार्डांना खेळांसाठीचे नियमित ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ पर्यंतच, त्यानंतर ऑक्टोबर २०२८ पर्यंत तीन-तीन महिन्यांनी फक्त सुरक्षेच्या दुरुस्त्या. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या कूडा १३ मधूनही ही पिढी वगळली गेली. विकणारा हे सांगत नाही. अनेकदा त्यालाही माहीत नसतं.

आपल्या भागातली पुष्कळ मुलं मराठी शाळेतून थेट बेळगावच्या इंजिनिअरिंगला जातात. १९९८ साली स्थापन झालेल्या विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाचं मुख्यालय बेळगावलाच असल्यानं ही वाट आपल्याला जवळची झाली. आता त्यांच्या अभ्यासात मशीन लर्निंग आहे, आणि घरी वाद ठरलेला. मुलगा म्हणतो कार्ड पाहिजे, वडील म्हणतात गेम खेळायलाच ना. वडिलांचा संशय अगदीच खोटा नसतो, तरी त्यांनी एकदा जुन्नर तालुक्यातल्या खोडदची गोष्ट ऐकावी. तिथल्या महाकाय रेडिओ दुर्बिणीच्या ३० तबकड्या आकाशातून सतत संदेश गोळा करतात. प्रत्येक तबकडीचा संदेश दुसऱ्या प्रत्येकीशी जुळवून पाहायचा म्हणजे ४३५ जोड्या, आणि तेही क्षणोक्षणी. दुर्बिणीच्या सुधारित यंत्रणेत हे जुळवण्याचं काम ग्राफिक कार्डं करतात. खेळातली भिंत रंगवायची असो की तारकेचा संदेश जुळवायचा असो, मुळात लाखो सारखे गुणाकार एकाच वेळी करायचे असतात, आणि ही कार्डं त्यासाठीच घडली आहेत.

आकडे कसे वाचावेत याचा सगळ्यात मोठा धडाही पुण्यातच आहे. १९८८ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॅकनं विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये परम ८००० हा महासंगणक बांधला. त्याची क्षमता होती एक गिगाफ्लॉप, म्हणजे सेकंदाला शंभर कोटी गणितं. त्याच सी-डॅकमध्ये २०२० मध्ये परम सिद्धी-एआय उभा राहिला आणि नोव्हेंबरच्या महासंगणकांच्या जागतिक यादीत ६३ वा आला. त्याच्याबद्दल दोन आकडे छापून आले. एक ४.६ पेटाफ्लॉप, दुसरा २१०. इतका फरक कसा? यंत्रात एनव्हिडियाची डीजीएक्स ए१०० ही ४२ यंत्रं आहेत, प्रत्येकात आठ कार्डं, एकूण ३३६. एका ए१०० कार्डाची कृत्रिम बुद्धिमत्तेच्या गणितातली कमाल क्षमता ६२४ टेराफ्लॉप लिहिलेली असते. ३३६ गुणिले ६२४ केलं की २ लाख ९ हजार ६६४ टेराफ्लॉप होतात. हेच ते २१० पेटाफ्लॉप. पण हा ६२४ मिळतो तो १६ बिटच्या, म्हणजे कमी अचूक आकड्यांवर, आणि तोही गणितातली ठरावीक निम्मी पदं शून्य धरून वगळली तर. ४.६ हा आकडा ६४ बिटच्या पूर्ण अचूक गणितावर प्रत्यक्ष मोजलेला. दोन्ही खरे, दोन्ही उपयोगी, पण एकाच तराजूत घालायचे नाहीत. परम ८००० च्या एका गिगाफ्लॉपशी तुलना करायची तर ४.६ पेटाफ्लॉपशीच करावी. तेवढीही ४६ लाख पटींची झेप आहे. तिचा अभिमान बाळगायला २१० ची गरज नाही.

तोच प्रकार दुकानातल्या बॉक्सवर दिसतो. आरटीएक्स ४०६० वर २४२ एआय टॉप्स आणि ५०६० वर ६१४. वाचणाऱ्याला वाटतं अडीच पट. मात्र पहिला आकडा ८ बिटच्या गणिताचा आहे, दुसरा ४ बिटच्या. नेहमीच्या ३२ बिट गणितात ४०६० चे साधारण १५ टेराफ्लॉप, ५०६० चे १९. वाढ झाली ती साधारण सव्वा पट. बँडविड्थ मात्र २७२ वरून ४४८ जीबी झाली, आणि माझ्या मते ५०६० ची खरी सुधारणा तीच. हे श्रेय त्याला द्यायलाच हवं. ४०६० चे २७२ जीबी ३०६० च्या ३६० हून कमी दिसतात, पण त्याच्या चिपवर २४ एमबी कॅश आहे, ३०६० वर फक्त ३. त्यामुळे मेमरीकडे धाव कमी घ्यावी लागते. वीज तर ११५ वॅटच. बिलाच्या मानानं ४०६० हे कार्ड फार गुणी आहे.

तरीही मशीन लर्निंग शिकणाऱ्या मुलाला मी या दोघांऐवजी १२ जीबीचं जुनं ३०६० घ्यायला सांगेन. कारण साधं आहे. सात अब्ज घटकांचं भाषेचं मॉडेल १६ बिटमध्ये १४ जीबी जागा मागतं. ४ बिटमध्ये दाबलं तर साडेतीन-चार जीबी, वर चालवण्याची जागा वेगळी. या दोघांच्या ८ जीबीत मॉडेल कसंबसं चालतं, त्याला नवं काही शिकवायला गेलं की मेमरी संपली म्हणून काम थांबतं. हळू चालणारं काम रात्रभर चालवता येतं. मेमरीत न मावणारं काम सुरूच होत नाही.

लॅपटॉपवाल्यांनी तर जास्तच सावध राहावं. डेस्कटॉपच्या ४०९० मध्ये १६३८४ कोअर आणि २४ जीबी. लॅपटॉपच्या ४०९० मध्ये ९७२८ कोअर आणि १६ जीबी. चिपच वेगळी, डेस्कटॉपच्या ४०८० ची. लॅपटॉपच्या ४०६० मध्ये कोअर डेस्कटॉपइतकेच ३०७२, पण त्याला वीज ३५ वॅटपासून ११५ वॅटपर्यंत कितीही मिळू शकते, आणि ती लॅपटॉप बनवणारी कंपनी ठरवते. ३५ वॅटवर बांधलेला लॅपटॉप आणि ११५ वॅटचा लॅपटॉप यांच्यावर स्टिकर मात्र सारखाच. दुकानात विचारायचा प्रश्न म्हणून एकच, ‘याला वॅट किती?’

राहिली वीज. पावसाळ्यात आमच्याकडे लाइट जाते-येते, त्यामुळे यूपीएस सगळ्यांकडे असतो. ६०० व्हीएचा साधा यूपीएस साधारण ३६० वॅट पेलतो. १०८० टीआय एकटंच २५० खातं. प्रोसेसर आणि मॉनिटर धरले की लाइट जाताच यूपीएस हात टेकतो आणि सेव्ह न केलेलं काम जातं. ३०६० ला १७० वॅट लागतात. दोघांतला फरक ८० वॅटचा, रोज आठ तास पूर्ण भारावर काम केलं तर दिवसाला दोन-तृतीयांश युनिटच्या आसपास. वर्षाच्या बिलात तो दिसतो. यूपीएस बदलायचा खर्च, गरज पडली तर एसएमपीएस बदलायचा खर्च, हे सगळं जुन्या कार्डाच्या किमतीत मिळवूनच ते स्वस्त की महाग ते ठरवा.

जुनं घेऊच नका असं मी म्हणत नाही. शाळेच्या लॅबला, खेळाच्या हौसेला, साध्या एडिटिंगला जुनी कार्डं उत्तम चालतात, आणि चालू वस्तू भंगारात जाऊ नये असं मला मनापासून वाटतं. पण घेण्याआधी काही गोष्टी करा. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियम या आभासी चलनाची पद्धत बदलली, तोवर ते चलन मिळवायला रात्रंदिवस राबलेली कार्डं एकदम बाजारात आली आणि अजून फिरत आहेत. पंखा हातानं फिरवून पाहा, थर्मल पेस्ट कधी बदलली ते विचारा. जुन्या चिपवर नव्या कार्डाचं नाव चढवून विकणारेही आहेत. जीपीयू-झेड हा फुकट प्रोग्राम अशी बरीच बनावट कार्डं ओळखतो, तो विक्रेत्यासमोर चालवा. तिथं कोअर, बस, बँडविड्थ स्वतः वाचा. आणि मुख्य म्हणजे घरून निघताना तुमच्या रोजच्या कामातली सगळ्यात जड फाइल पेनड्राइव्हवर घ्या, मग ती लग्नाची असो, कॉलेजच्या प्रोजेक्टची असो की खेळ असो, आणि ज्या कार्डाचे पैसे देणार आहात त्याच कार्डावर ती अर्धा तास चालवून बघा. विक्रेता नाही म्हणाला, तर पैसे खिशात ठेवून परत या.